जुमाऱ्याचे ब्रॅकिओपॉड आणि अरियलूरचे कोरल, विट्यातल्या कामाच्या नोंदी

14 जून 2024

दुकानाच्या मागची खोली रिकामी केली. पावसाळाभर बाहेर कुठं जाणं होणार नाही त्यामुळं आता घरात बसून दोन क्रेटचं काम उरकायचं असं ठरवलंय. एका क्रेटमधे कच्छचा माल आहे, जुमारा गावाजवळच्या नाल्यातला, भुजच्या वायव्येला रणाच्या कडेला आहे ते गाव, तिथली फॉसिल, म्हणजे ब्रॅकिओपॉड (शिंपल्यासारखे दिसणारे, दोन कवचांचे समुद्री प्राणी) आणि थोडे कोरल, म्हणजे प्रवाळ. दुसऱ्यात आतेभावानं त्रिचीहून आणलेला, म्हणजे अरियलूर आणि दालमियापुरम भागातला. दादा त्रिचीत गलाईचं काम करतो, आमच्या विटा-खानापूर-आटपाडीतलं जवळजवळ प्रत्येक घराचं एक माणूस कुठल्यातरी लांबच्या गावात सोनं-चांदी गाळतंय आणि माझ्या छंदाला त्याचा एवढा फायदा होईल असं कधी वाटलं नव्हतं.

काम काय: प्रत्येक तुकड्याला नंबर, वहीत नोंद, चिठ्ठी, फोटो, आणि जमेल तिथं निदान वंशापर्यंत (जातीच्या वरची पायरी, जीनस) नाव. आणि एक टेरेब्राट्युलिड, म्हणजे ब्रॅकिओपॉडमधल्या एका गटातला, आतून बघायचा आहे. बाहेरून नाही, आतून. त्यासाठी तो झिजवावा लागणार, म्हणजे तो राहणार नाही. त्यावर अजून मन होत नाहीये.

17 जून

आज दुकानात एक जण विचारत होता की एवढं लांबून दगड कशाला आणता, आपल्याकडं काय दगड कमी आहेत का. प्रश्न बरोबर आहे म्हणून इथं लिहून ठेवतो.

सांगली-सातारा सगळा काळा दगड आहे, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात समुद्राचं काही सापडणार नाही. बरं लाव्ह्याच्या खाली तरी जुना समुद्र असेल का, तर कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी जी बोअर मारली त्यात याचं उत्तर आहे. 11 डिसेंबर 1967 चा भूकंप आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे, त्या भागात का हलतं हे बघायला खोल बोअर घेतली, रासाटीला साधारण 933 मीटर बेसॉल्ट, म्हणजे हाच काळा दगड, लागला आणि तो संपल्यावर थेट ग्रॅनाइट-नाइस. मधे ना चुनखडक, ना वाळूचा खडक, काहीच नाही. म्हणजे लाव्हा आला तेव्हा तिथं उघडा जुना खडक होता. शेतात जी चुनखडी निघते ती मातीत तयार झालेली, तिचा शंखशिंपल्यांशी संबंध नाही.

विहीर खणताना पोरं पांढऱ्या सुयांचे झुपके आणून देतात आणि कोरल आहे का विचारतात. ते स्कोलेसाइट नाहीतर स्टिलबाइट, लाव्ह्यातल्या पोकळीत वाढलेले स्फटिक. देखणे असतात, मी वेगळ्या डब्यात ठेवतो. फरक ओळखायला भिंगाखाली बघायचं: स्फटिकाची सुई सरळ आणि आतून भरीव असते, कोरलला भिंती असतात, कप्पे असतात, कुणीतरी राहिल्याची रचना असते.

22 जून

धुलाई. मोबाईल रिपेरिंगचं सामान यात इतकं उपयोगी पडतंय. बोर्ड साफ करायचे ब्रश, बारीक चिमटे, स्टिरिओ मायक्रोस्कोप, अल्ट्रासॉनिक क्लीनर. क्लीनरमधे कच्छचे टेरेब्राट्युलिड अगदी थोडा थोडा वेळच टाकतो, बाहेर काढून बघायचं, परत टाकायचं, कारण ज्याला आधीच चीर गेलीय तो त्यात दोन भाग होऊन बाहेर येतो. कोरल अजिबात नाही. कोरल भिजवून टूथब्रशनं.

व्हिनेगर लावू नका. हे मी ज्याला त्याला सांगतो. ब्रॅकिओपॉडचं कवच कॅल्साइटचं, म्हणजे चुन्याच्या खनिजाचं, आणि भोवतालचा दगडही बहुतेक चुन्याचाच, ॲसिडला दोघांतला फरक कळत नाही. दगड निघायच्या आधी कवचावरच्या वाढीच्या बारीक रेघा जातात आणि उरतो तो गुळगुळीत गोळा. ॲसिड तेव्हाच, जेव्हा कवचाच्या जागी सिलिका, म्हणजे गारगोटीचा पदार्थ, आलेली असते, आणि माझ्याकडं तसलं काही नाही. सुई, पाणी, वेळ. आणि वरून वार्निश मारायचं नाही! चमकतं म्हणून मारतात लोक, आणि मग नंतर त्याच्यावर काहीच करता येत नाही.

30 जून

छाटणी झाली. क्रेटमधे थोडे शिंपले, म्हणजे बायव्हाल्व, मिसळलेले होते ते बाजूला काढले. बघायची पद्धत सोपी आहे. शिंपल्याची दोन कवचं म्हणजे डावं आणि उजवं, एकमेकांची आरशातली प्रतिमा (कालव वगैरे सोडून), पण एकच कवच हातात घेतलं तर ते एका बाजूला कललेलं दिसतं. ब्रॅकिओपॉडचं उलट, दोन कवचं सारखी नसतात, एक मोठं एक लहान, पण एकच कवच घेऊन मधोमध रेघ मारली तर डावा अर्धा आणि उजवा अर्धा तंतोतंत. मोठ्या कवचाच्या चोचीला भोक असतं, तिथून देठ बाहेर यायचा आणि त्या देठानं हा प्राणी तळाला धरून बसायचा. प्राणी म्हणून शिंपल्याशी याचं जवळचं नातंच नाही, आत मऊ केसाळ झुपक्यासारखा अवयव, लोफोफोर, त्यानं पाणी ओढून खायचं.

आज जिवंत जाती साधारण 400 उरल्यात, फॉसिल जाती 12,000 च्या वर. कधीकाळी समुद्राचा तळ यांचा होता.

भोक असलेली चोच एकदा डोळ्यात बसली की मग चुकत नाही. पुतण्याला दाखवलं, तो आठवीत आहे, त्यानं अर्ध्या तासात अख्खा ट्रे वेगळा करून दिला आणि वर दोन कवचांवर चिकटलेल्या वळवळ्या नळ्या पण त्यानंच शोधल्या, सर्पुलिड किड्यांच्या. त्या कुठल्या बाजूला आहेत ते वहीत लिहिलंय, कारण कवचाची कुठली बाजू पाण्यात उघडी होती ते त्यावरून समजतं.

7 जुलै

कराडहून सर आले होते, निवृत्त आहेत, आयुष्यभर भूशास्त्र शिकवलं. ट्रे बघितला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग दोन टेरेब्राट्युलिड शेजारी ठेवले आणि म्हणाले, "हे दोन एकच आहेत का?" मी म्हणलं दिसतात तर एकच. ते म्हणाले, "दिसतात."

मग समजावून सांगितलं. या मंडळींमधे बाहेरचा आकार फसवतो. तळ कसा होता, पाणी किती हलत होतं त्याप्रमाणं वेगवेगळ्या घराण्यातले प्राणी एकसारखा आकार घेतात. खरं घराणं कळतं ते आतून. दात कसे बसलेत, बिजागरीच्या पट्ट्या कशा, आणि लोफोफोरला आधार देणारी जी चुन्याची नाजूक कमान असते, लूप म्हणतात, ती किती लांब आणि कशी वळते. कच्छच्या ब्रॅकिओपॉडवर किचिनचं मोठं काम 1900 सालचं आहे, पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका या फॉसिलवरच्या ग्रंथमालेत आलेलं, त्याच साली ग्रेगरीनं कच्छच्या कोरलवर लिहिलं. किचिनची चित्रं फार सुंदर आहेत पण त्यानं पुष्कळ काही टेरेब्राट्युला आणि ऱ्हिंकोनेला या दोन मोठ्या पोत्यांत टाकलं. पुढं बकमननं आतली रचना बघून ती पोती सोडली आणि नवे वंश केले, त्यातले दोन आपल्या कच्छच्याच नावाचे, कच्छिथायरिस आणि कच्छिऱ्हिंकिया.

सर असंही म्हणाले की हे काम आपल्या माणसांनीही केलंय. बाघ थराच्या, म्हणजे धार जिल्ह्यातल्या नर्मदेकाठच्या चुनखडकातले ऱ्हिंकोनेलिड, म्हणजे ब्रॅकिओपॉडचा दुसरा गट, चिपळूणकरांनी 1938 मधे अभ्यासले आणि मालविऱ्हिंकिया हा वंश केला. तिथल्या एका थराला कोरलाइन लाइमस्टोन असं नाव पडलंय पण त्यात कोरल जवळजवळ नाहीच, सगळे ब्रायोझोआ, म्हणजे वसाहतीनं राहणारे वेगळेच बारीक समुद्री प्राणी. भिंगाखाली बघितल्याशिवाय नाव द्यायचं नाही याला याहून चांगलं उदाहरण नाही.

आता झिजवायचा प्रश्न सुटला. नाव हवं असेल तर एक द्यावा लागणार.

12 जुलै

दुकानात गर्दी, काही झालं नाही. फक्त कार्बोरंडमची घासायची पावडर आणली, 400, 600 आणि 1000 नंबरची, आणि काच कापणाऱ्याकडून जाड काचेचा तुकडा.

26 जुलै

कोरल. दादानं दालमियापुरमच्या बाजूचा जो मोठा ढेकळासारखा तुकडा दिला होता तो फरशी कापणाऱ्याकडून कापून आणला आणि काचेवर घासला. ओला केला की सगळं दिसायला लागतं. वसाहत आहे, एकाला एक चिकटलेले कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात मध्याकडं जाणाऱ्या पट्ट्या, सेप्टा. सहाच्या हिशोबानं वाढतात त्या, सहा, मग त्यांच्या मधे सहा, मग बारा, मग चोवीस. हे स्क्लेरॅक्टिनियन, आजच्या समुद्रातले दगडी कोरल याच घराण्यातले. त्याच्या आधीचे रुगोस आणि टॅब्युलेट कोरल पर्मियन काळाच्या शेवटी, 25.2 कोटी वर्षांपूर्वी, सगळे संपले, म्हणून कच्छ किंवा अरियलूरला ते मिळायचा प्रश्नच नाही, त्यासाठी स्पितीसारख्या जुन्या खडकात जावं लागतं.

दालमियापुरमचा हा चुनखडक साधारण 10 ते 11 कोटी वर्षांचा, तिथं खरंच कोरल आणि शेवाळांचं रीफ होतं. अरियलूरजवळचा कल्लनकुरिचीचा चुनखडक मात्र साधारण 7 कोटींचा, म्हणजे तिथं समुद्रात कालवं आणि ब्रॅकिओपॉड वाढत होते त्यानंतर थोड्याच काळात आपल्याकडं लाव्हा वाहायला लागला. थोडा म्हणजे साधारण चाळीस लाख वर्षं. तिकडचं सगळं आता सिमेंटच्या खाणीत आहे. दादा खाणीच्या ऑफिसातनं परवानगी घेऊनच आत जातो आणि टाकून दिलेल्या ढिगातलंच उचलतो, नाहीतर ते भट्टीतच जाणार असतं.

दक्षिणेतल्या या क्रेटेशियस काळातल्या फॉसिलवर स्टोलिच्का या शास्त्रज्ञानं केवढं काम करून ठेवलंय, ब्रॅकिओपॉड 1872, कोरल 1873, आणि 1874 ला तो लडाखमधे मुर्गोला वारला, यारकंदहून परत येताना. छत्तीस वर्षांचा होता. त्याच्या पुस्तकातल्या चित्रांच्या प्लेट रात्री झूम करून बघत बसतो. एकेक सेप्टा हातानं काढलाय.

एक गोष्ट कापल्यावरच नीट समजली. या कोरलचा सांगाडा मूळचा अरागोनाइटचा (चुन्याचंच पण वेगळ्या रचनेचं खनिज) असतो, तो टिकत नाही, कोट्यवधी वर्षांत त्याचं कॅल्साइट होतं आणि होताना आतलं बारीक विणकाम पुसलं जातं. माझ्या तुकड्यात कप्पे दिसतात पण सेप्टाच्या आत बघायला गेलं तर नुसते स्फटिक. ब्रॅकिओपॉडनं कवच पहिल्यापासूनच कॅल्साइटचं केलेलं, त्यामुळं ते जसंच्या तसं राहतं. म्हणून तर जुन्या समुद्राचं तापमान काढायला शास्त्रज्ञ ब्रॅकिओपॉडचं कवच घेतात. आणि जिथं कोरलचा सांगाडा चांगला टिकलाय तिथं तो दुसरंच काही सांगतो, वेल्स म्हणून एकानं 1963 मधे डेव्होनियन काळातल्या, म्हणजे पर्मियनच्याही आधीच्या, कोरलवरच्या रोजच्या रेघा मोजल्या तर एका वर्षात 400 च्या आसपास भरल्या. तेव्हा पृथ्वी जास्त वेगानं फिरत होती, वर्षाचे दिवस जास्त होते. दगडावरच्या रेघा मोजून! मी दुकानात येईल त्याला हे सांगतो.

4 ऑगस्ट

दादा आणि वहिनी सुट्टीला आलेत. दादानं कापलेला कोरल बघून विचारलं अंगठीत बसेल का. म्हणलं बसेल, पण हे पोवळं नाही.

त्याच्याकडून आज मोठं काम झालं. फोटोत कवचावरचे डाग आणि रंगच जास्त दिसतात, घडी आणि रेघा दिसत नाहीत, त्यासाठी फॉसिलवर अमोनियम क्लोराइडचा पातळ पांढरा थर देतात असं वाचलं होतं. दादा म्हणाला, "अरे म्हणजे नवसागर. मग एवढं काय त्यात?" त्यांच्या हातातली रोजची वस्तू, कल्हईवाल्यांच्या पण. काचेच्या नळीत थोडा नवसागर, खाली दिवा, मागून हलकी फुंक रबरी फुग्यानं, आणि पांढरा धूर तुकड्यावर. अंगणात केलं, तोंडाला मास्क लावून, घरात हे करू नये. दादाचा हात असा बसलेला की थर कुठंही जाड नाही.

आणि एकदम सगळं उठून आलं. पुढच्या कडेच्या घड्या, वाढीच्या रेघा, चोचीच्या भोकाची कडा, सगळं. लाइट वरून डाव्या बाजूनं, तशी पद्धतच आहे म्हणजे सगळीकडचे फोटो एकमेकांशी ताडता येतात. एकेकाचे पाच फोटो, वरून, खालून, बाजूनं, पुढून, मागून. नवसागर हवेतलं पाणी ओढतो, पावसाळ्यात तर काही मिनिटांत थर ओला होऊन बसतो, म्हणून उघडीप बघून केलं आणि फोटो झाला की लगेच पाण्यात धुतलं. तसंच ठेवलं तर कवचाला खातं.

18 ऑगस्ट

झिजवायचा तुकडा निवडला. जुमाऱ्याचा, मध्यम आकाराचा, ज्याच्या जोडीला अजून तसेच आहेत असा. त्याच थरातला एक फुटका होता त्यात आत तपकिरी गाळ भरलेला दिसला, म्हणून हाही गाळानं भरलेला असावा असं धरलंय. आतून नुसतं पांढरं कॅल्साइट भरलेलं असेल तर पांढऱ्यावर पांढरी कमान दिसणार नाही.

आधी फोटो, व्हर्नियरनं लांबी रुंदी जाडी, मग सिलिकॉनचा साचा करून प्लास्टरची प्रतिकृती. बाहेरचा आकार तरी राहिला पाहिजे. मग तुकडा चोच खाली करून प्लास्टर ऑफ पॅरिसमधे बसवला, दोन कवचांचा सांधा उभा राहील असा. यात कोन थोडा जरी कलला तरी पुढचे सगळे छेद तिरके येतात.

25 ऑगस्ट

सुरू केलं. पद्धत लिहितो, कुणाला करायची असेल तर.

काचेवर 600 ची पावडर आणि पाणी, इंग्रजी आठ काढल्यासारखं फिरवायचं, चोचीजवळ 0.2 मिलिमीटर झिजलं की थांबायचं, मोजायचं, मग 1000 वर गुळगुळीत करायचं. धुऊन पाच टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडमधे आठ-दहा सेकंद, लगेच भरपूर पाण्यात. यानं कॅल्साइट थोडंसं खाल्लं जातं आणि गाळ वर राहतो, म्हणजे पृष्ठभागावर उंचसखल नकाशा तयार होतो. वाळवायचं. मग ॲसिटोन ओतून त्यावर ॲसिटेटची पारदर्शक शीट एका कडेनं टेकवत सोडायची, खाली बुडबुडा राहता कामा नये. वाळली की सोलायची, आणि त्या शीटवर त्या पातळीचा सगळा छेद उमटलेला असतो. त्याच्यावर चोचीपासूनचं अंतर लिहायचं आणि परत काचेवर.

शीट घेताना बघून घ्या, प्रोजेक्टरच्या शीट म्हणून जे विकतात त्यातल्या पुष्कळ पॉलिस्टरच्या असतात. कोपऱ्याला ॲसिटोनचा थेंब लावायचा, मऊ होऊन चिकट झाली तर ॲसिटेट, काहीच झालं नाही तर परत द्यायची.

गाळच आहे आत. तपकिरी. चोचीजवळच्या छेदात देठाची नळी, गोल, स्वच्छ.

8 सप्टेंबर

रोज रात्री दुकान बंद झाल्यावर थोडं थोडं चाललंय. दात दिसले. मोठ्या कवचातून आलेले दोन दात छोट्या कवचाच्या खोबणीत बसलेले, आणि सोळा-सतरा कोटी वर्षं झाली तरी बसलेलेच. मेल्यावर यांची कवचं सहज सुटत नाहीत ती या बिजागरीमुळं, शिंपल्यांची अर्धी अर्धी मिळतात आणि ब्रॅकिओपॉड बरेचदा पूर्ण मिळतात त्याचं कारण हे.

15 सप्टेंबर

लूप आला.

आधी बिजागरीच्या पट्ट्या, मग त्या पट्ट्यांपासून सुटलेले दोन पांढरे ठिपके, गाळात अधांतरी, दोन्ही बाजूला एकेक. पुढच्या छेदात ते जरा लांबट. त्याच्या पुढच्यात एकमेकांकडं कललेले. मग रात्री उशिरा एक शीट सोलली, मायक्रोस्कोपखाली धरली आणि दोघांना जोडणारी कमान पूर्ण दिसली, एका बाजूपासून दुसरीपर्यंत सलग, केसाएवढी जाड. कुठं तुटलेली नाही. हा प्राणी गाळात गाडला गेला तेव्हा आत गाळ इतका हळू शिरला की ही सुद्धा हलली नाही.

घरात सगळे झोपले होते पण पुतण्याला उठवून दाखवलं. सरांना फोटो पाठवला, त्यांचं पहाटे उत्तर आलं, "छोटा लूप. पुढच्या कडेची घडी आणि हे धरून कच्छिथायरिस लिहा. जातीचं नाव आत्ता घालू नका."

पुढच्या छेदांत कमान संपली, नुसता गाळ आणि दोन कवचं. तिथं थांबलो. उरलेला अर्धा भाग आणि सगळ्या शीट एकाच पाकिटात, एकाच नंबरखाली.

मला आता असं पक्कं वाटतं की ज्याच्याकडं एकाच थरातले पुष्कळ तुकडे आहेत त्यानं एक तरी उघडावा. काचेच्या कपाटात तीस सारखे गोळे ठेवून त्याखाली टेरेब्राट्युला लिहिणं म्हणजे किचिनच्याही मागं जाणं. पण एकुलता एक असेल तर हात लावू नये, त्याचा नुसता फोटो आणि वाट.

29 सप्टेंबर

चिठ्ठ्या. कंटाळवाणं काम पण हेच नसेल तर बाकी सगळं फुकट. तुकड्याच्या कमी महत्त्वाच्या जागी पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका, त्यावर काळ्या शाईनं नंबर, वरून पारदर्शक थर. तोच नंबर चिठ्ठीवर, तोच वहीत. गाव, नाला, जीपीएस, थराचं वर्णन, जागेवर होता की वाहून आलेला, कुणी उचलला, कधी. ऑनलाइन जे विकायला असतात त्यावर नुसतं "भारत" लिहिलेलं असतं. असला तुकडा कितीही देखणा असला तरी मी घेत नाही, कारण त्याला थर नाही, शेजार नाही, तो काहीच सांगू शकत नाही.

कायद्याचं पण वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय, पुतण्याचे मित्र तारकर्लीला निघालेत आणि माझ्यासाठी कोरल आणतो म्हणतात म्हणून. आजच्या समुद्रातले दगडी कोरल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, 2001 पासून, किनाऱ्यावर मेलेला पडलेला असला तरी उचलायचा नाही. फॉसिलचं वेगळं, पण तिथंही जे ठिकाण राष्ट्रीय भूवारसा म्हणून जाहीर झालंय किंवा ज्या जागेला पार्क आहे तिथं फक्त बघायचं. जुमाऱ्याला आम्ही खणलं नाही, नाल्यात सुटं पडलेलं तेवढंच घेतलं, आणि कोरल अगदी मोजके.

13 ऑक्टोबर

कालच्या दसऱ्याला हत्यारांच्या पूजेत मायक्रोस्कोप होताच, यंदा काच आणि कार्बोरंडमचे डबे पण ठेवले.

दिवाळीनंतर शाळेत एक तास मिळालाय. एका ट्रेमधे काळा दगड, स्कोलेसाइट, मग जुमाऱ्याचा पूर्ण ब्रॅकिओपॉड, त्याची प्रतिकृती, आणि शीटवरचे छेद ओळीनं प्रोजेक्टरवर, म्हणजे पोरांना कमान जुळताना दिसेल. आमच्या देवघरातला शाळिग्राम पण नेणार आहे, आईनं परवानगी दिलीय, हात न लावता दाखवायच्या अटीवर. ॲमोनाइट, म्हणजे वेटोळ्या कवचाचा जुना समुद्री प्राणी, आहे तो, गंडकीकाठचा, पुष्कळ घरांत असलेलं हे एकच समुद्री फॉसिल.

अरियलूरच्या क्रेटमधले ब्रॅकिओपॉड अजून बाकी आहेत, त्यातल्या बऱ्याच जणांच्या आत पांढरं कॅल्साइट भरलंय. दादाला सांगितलंय की कल्लनकुरिचीच्या ढिगात गाळानं भरलेले मिळतात का बघ, फुटका एक शेजारी घेऊन ये म्हणजे आधी कळेल, आणि प्रत्येक पिशवीत चिठ्ठी तिथंच टाक, घरी येऊन नको.